शिंगराच्या तोंडात काय द्यावं?

सारंगखेड्याच्या बाजारात घोडा दाखवताना विकणारा आधी त्याचा ओठ उचलतो. पुढचे दात दिसतात, त्यांवरून वय ठरतं आणि मग रुमालाखालची बोलणी सुरू होतात. धर्माच्या गाईचे दात पाहू नयेत म्हणतात, पण विकतच्या घोड्याचे सगळेच पाहतात. मात्र या पाहण्यात कुणाचंही बोट पुढच्या दातांच्या मागे जात नाही. लगामाचं लोखंड बसतं ते नेमकं तिथे, चार बोटं आत.

माझी घोडी मी तिथूनच आणली. मारवाडी, तेव्हा अडीच वर्षांची. तापीकाठावरून खारुनकाठी, रायपूरच्या वेशीपर्यंत ती आली तेव्हा तिच्यासोबत विकणाऱ्याने खुशीने दिलेला एक लगामही आला. घरी आणून पाहिला, तर तोंडात जाणाऱ्या तुकड्यावर दोन्ही बाजूंना खिळ्यांच्या टोकांसारखे दाते होते. देणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं. त्याच्या वडिलांनीही तसाच वापरला असेल. मी तो कपाटात ठेवला. रायपूरच्या आसपास शेतावर घोडा ठेवणारी जी मोजकी मंडळी आहेत, त्यांतलं कुणी भेटलं आणि ‘तीन वर्षांच्या घोड्याला कोणतं बिट घालू?’ असं विचारलं, की आधी तो लगाम बाहेर काढून दाखवतो.

मराठीत ‘लगाम’ या एका शब्दात सगळंच येतं: डोक्यावरची म्होरकी, हातातल्या वाद्या आणि तोंडातलं लोखंड. त्यामुळे ते लोखंड वेगळं असं डोळ्यांपुढे येतच नाही. बाजारात आता त्याला सगळे बिट म्हणतात. मीही तेच म्हणतो. प्रश्न बिटाचा म्हणून विचारला जात असला तरी उत्तराची सुरुवात तोंडापासून करावी लागते.

पूर्ण वाढलेल्या घोड्याला पुढे वर सहा आणि खाली सहा दात असतात. मागे प्रत्येक बाजूला, वर आणि खाली, सहा-सहा दाढा. नरांना यांच्या मधे चार सुळेही येतात. माद्यांत ते बहुधा नसतात किंवा अगदी बारीक असतात. या पुढच्या आणि मागच्या दातांमधे मोकळी जागा असते, आणि बिट तिथे राहतं. मोकळी म्हणून ती जागा बिनधोक आहे असं वाटतं. खालच्या जबड्याचं हाड तिथे कडेला अरुंद होतं आणि त्यावर हिरडीचा पातळ थर असतो, बस. बाजेची कड नडगीला लागल्यावर जी कळ येते, त्यावरून या जागेची कल्पना करता येईल. जीभ तर आपल्याला वाटते तशी तोंडात सैल पडलेली नसतेच. मिटलेल्या तोंडात ती जवळजवळ सगळी जागा भरून टाळूला भिडलेली असते. म्हणजे बिटासाठी निसर्गाने राखून ठेवलेली जागा अशी नाही. जे काही आपण आत घालतो ते जिभेला दाबूनच आत मावतं.

आता वयाचं पाहू, कारण तरुण घोड्याच्या बाबतीत सगळं इथेच अडतं. दुधाच्या दाढांपैकी पहिली साधारण अडीच वर्षांनी पडते, दुसरी तीनच्या सुमारास, तिसरी साडेतीन ते चारच्या दरम्यान. पुढचे दात जोडीजोडीने अडीच, साडेतीन आणि साडेचारला बदलतात. नरांचे सुळे चार-पाच वर्षांच्या दरम्यान हिरडी फाडून वर येतात. त्यात बऱ्याच घोड्यांना वरच्या पहिल्या दाढेच्या पुढे एक बारीकसा जास्तीचा दात असतो. पशुवैद्य त्याला वुल्फ टूथ म्हणतात. तो वयाच्या पहिल्या दीड वर्षातच येतो, कधी हिरडीखालीच दडून राहतो, आणि बिट मागे ओढलं गेलं की मधली मऊ कातडी त्यावर दाबली जाते. तो काढावा की राहू द्यावा यावर पशुवैद्यांत दोन मतं आहेत. पुष्कळ जण पहिलं बिट घालण्याआधीच काढून टाकतात. काहींचं म्हणणं असं की, जो दात जागेवर घट्ट आहे आणि बिटाच्या वाटेत येत नाही, त्याला हात लावू नये. मला दुसरं मत पटतं. पण दात आहे की नाही हे आधी बोटाने चाचपून पाहिलेलं असेल, तरच ते पटण्याला अर्थ आहे.

हे सगळं एका ओळीत मांडून पाहा: अडीच ते पाच. खोगीर चढवण्याचं, वळायला-थांबायला शिकवण्याचं वयही हेच. ज्या वर्षांत आपण घोड्याला ‘तोंडाने ऐक’ म्हणतो, त्याच वर्षांत त्या तोंडात सगळी उलथापालथ चाललेली असते.

माझी घोडी सव्वातीन वर्षांची असताना डावीकडे वळायला नकार द्यायला लागली. मान झटकायची, तोंड उघडायची, जीभ बिटावरून काढून बाहेर टाकायची. मी तीन महिन्यांत तीन बिटं बदलली. एक महागडं परदेशी होतं. एका जाणत्या माणसाने सांगितलं, पोर हट्टी आहे, जरा कडक घाला. शेवटी पशुवैद्यांनी तोंड उघडून, दिवा धरून आत पाहिलं, तेव्हा डावीकडच्या दुसऱ्या दाढेवर दुधाच्या दाढेचं टरफल अर्धवट सुटून हिरडीत रुतलेलं निघालं. ते चिमट्याने काढायला दोन मिनिटंही लागली नाहीत. आठवड्याने घोडी पहिल्याच, सगळ्यांत स्वस्त बिटात डावीकडे वळू लागली. त्या तीन महिन्यांत मी तिला ज्या ज्या वेळी रागावलो, त्या वेळा मला अजून आठवतात.

म्हणून पहिली सूचना खरेदीची नाहीच. पाच वर्षांचा होईपर्यंत दर सहा महिन्यांनी घोड्याचं तोंड पशुवैद्याकडून आतपर्यंत तपासून घ्यावं. रायपूरकरांना दुर्गजवळच्या अंजोऱ्याचं पशुवैद्यक महाविद्यालय तासा-दीड तासावर आहे; विदर्भातल्यांना नागपूरचं आहे. घोड्याच्या दातांचं काम नेहमी करणारे डॉक्टर आपल्याकडे थोडे आहेत, कारण घोडेच थोडे उरलेत. २०१९ च्या पशुगणनेत देशभरात घोडे आणि तट्टं मिळून साधारण ३ लाख ४० हजार भरली, आणि २०१२ च्या तुलनेत ही घट ४५ टक्क्यांहून जास्त होती. जनावरं कमी झाली की त्यांच्याबद्दलची हातातली माहितीही कमी होते, आणि मग चुकीच्या गोष्टी परंपरा म्हणून टिकतात.

त्या दातेरी लगामाचंच घ्या. तो आपल्याच देशाचा शोध नाही. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातल्या झेनोफनने घोडेस्वारीवर लिहिलेल्या ग्रंथात दोन प्रकारची बिटं सांगितली आहेत, एक गुळगुळीत आणि एक काटेरी. त्याचा हेतू असा की काटेरीची चव दाखवून झाली की घोडा गुळगुळीत बिटावर खूश राहील. तोच झेनोफन घोड्याला गोंजारून शिकवा, असंही सांगतो. अडीच हजार वर्षांनंतर त्याचा पहिला सल्ला टाकून दुसरा ठेवावा, असं मला वाटतं.

इकडच्या मुलखाला घोडेस्वार नवे नाहीत. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांची फौज भास्करपंतांच्या हाताखाली रतनपुरावर आली आणि पुढे बंगालकडे गेली. छत्तीसगडातल्या मराठी वस्तीची एक मुळी त्या घोडदळापर्यंत जाते. बारगीर सरकारी घोड्यावर बसे, शिलेदार स्वतःच्या. घोडा निकामी झाला तर शिलेदाराची रोजी बुडायची, म्हणून आपल्या जनावराला जपणं त्याला भागच होतं. आज रायपुरात तात्यापाऱ्यापासून तेलीबांध्यापर्यंत घोडा दिसतो तो लग्नसराईत, नवरदेवाला घेऊन बँडमागे उभा असलेला. फटाके, डीजे, भोवती नाचणारी गर्दी, आणि त्यात दोन-दोन तास जागेवर उभं राहायचं. अशा घोडीच्या तोंडात अनेकदा काटेरी लगाम असतो, कारण भेदरलेलं जनावर आवरायला मालकाजवळ दुसरा उपाय नसतो. ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठी १९६५ साली केलेल्या क्रूरताप्रतिबंधक नियमांतल्या आठव्या नियमाने काटे, गाठी किंवा टोकं असलेलं बिट वापरायला बंदी केली आहे, आणि त्यात स्वारीचाही उल्लेख आहे. नियमाला साठ वर्षं झाली. तरी असा लगाम अजून उघड मिळतो. तरुण घोडा विकत घेताना तो कोणत्या लगामावर आला हे विचारावं. काट्यावर आलेला असेल, तर त्याच्या तोंडाला आणि मनाला काही महिने नुसती विश्रांती द्यावी.

आता बिटाकडे वळतो. पहिला फरक सरळ ओढीचा आणि तरफेचा. सरळ ओढीच्या बिटाला स्नॅफल म्हणतात. वादी ज्या कडीला बांधलेली तीच कडी तोंडाच्या कोपऱ्याला लागून, त्यामुळे हातात जेवढा जोर, तोंडात साधारण तेवढाच. तरफेच्या बिटाला खाली दांडी असते आणि हनुवटीखाली साखळी; हाताचा जोर तिथे वाढून पोचतो. पेल्हम, किम्बलविक ही त्याच घराण्यातली. तरुण घोड्याला तरफ नको, यावर बहुतेक जाणकारांचं एकमत आहे. आंतरराष्ट्रीय ड्रेसाजमधे पाच आणि सहा वर्षांच्या घोड्यांच्या स्पर्धा साध्या स्नॅफलवरच होतात.

खरा वाद स्नॅफलच्या आत आहे. अखंड दांडीचं की मधे एक सांधा असलेलं की दोन सांध्यांचं? जुनी शिकवण अशी की, एका सांध्याचं बिट ओढलं की अडकित्त्यासारखं मिटतं आणि सांधा टाळूत रुततो. हिलरी क्लेटन यांनी १९८० च्या दशकात घोड्याच्या तोंडातलं बिट क्ष-किरणांच्या चलचित्रांवर पाहिलं आणि चित्र जास्त गुंतागुंतीचं निघालं. दाब मुख्यतः जिभेवर येतो. घोडे जीभ मागे घेतात, बिटावर फुगवतात, बिट उचलून दाढांमधे धरतात. म्हणजे घोडा बिटाखाली निमूट बसलेला नसतो, तो सतत त्याच्याशी काहीतरी करत असतो. दोन सांध्यांच्या बिटात मधे छोटा गुळगुळीत मणी किंवा दुवा असतो, त्याने दाब जिभेवर जरा पसरतो, आणि पुष्कळ घोडे त्यात शांत राहतात. पण मधला दुवा चपटा आणि तिरपा बसवलेला असेल तर त्याची कड जिभेला लागते. दिसायला दोन्ही सारखीच. विकत घेताना अंगठ्याने दुवा फिरवून पाहावा. अखंड, किंचित कमानदार दांडी स्थिर असते, जिभेला चिमटे घेत नाही, पण डाव्या-उजव्या हाताचं बोलणं ती नीट वेगळं पोचवत नाही. नुकतंच वळायला शिकणाऱ्या घोड्याला ते अवघड जातं.

जाडीबद्दल आपल्याकडे पक्की समजूत आहे की जाड म्हणजे मऊ. जिभेने भरलेल्या तोंडाचं वर्णन वर केलंच आहे. त्यात वीस मिलिमीटरची दांडी घातली तर तोंड मिटणार कसं? फिनलंडमधल्या संशोधकांनी २०१९ मध्ये शर्यतीनंतर २६१ ट्रॉटर घोड्यांची तोंडं तपासली, तेव्हा ८४ टक्के घोड्यांना बिटाच्या जागेत ताज्या जखमा होत्या. बहुतेक जखमा बाहेरून दिसत नव्हत्या. शर्यतीत वाद्यांवर जोर खूप असतो, तेव्हा हा आकडा रोजच्या स्वारीला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण त्याच गटाने पुढे इव्हेंटिंगच्या घोड्यांची तोंडं पाहिली, तेव्हाही निम्म्याच्या आसपास घोड्यांना जखमा निघाल्या. आणि फार बारीक व फार जाड अशा दोन्ही बिटांपेक्षा १४ ते १७ मिलिमीटरची मधली जाडी बरी ठरली. आंतरराष्ट्रीय ड्रेसाजचे नियमही तरुण घोड्यांसाठी किमान १४ मिलिमीटर मागतात. आपल्या मारवाडी, काठियावाडी, भीमथडी घोड्यांची तोंडं बारीक असतात. मी त्यांच्यासाठी १४-१५ च्या पुढे जाणार नाही.

कड्यांचं थोडक्यात. सुटी फिरणारी गोल कडी बिटाला हलतं ठेवते, पण ओठाचा कोपरा चिमटीत धरू शकते. अंड्याच्या आकाराची पक्की कडी तसं करत नाही आणि बिट स्थिर ठेवते. गालाला लांब दांडी असलेलं बिट वळताना गालावर दाब देऊन घोड्याला दिशा समजावतं. सुरुवातीच्या महिन्यांत ते मला फार उपयोगी पडलं, फक्त दांडी कशात अडकणार नाही याची काळजी घ्यायची.

धातूंवर दुकानदार फार बोलतात. स्टेनलेस स्टील टिकाऊ आणि बेचव. साधं गंजणारं लोखंड आणि तांब्याची मिश्रणं यांनी लाळ सुटते म्हणतात, आणि पुष्कळ घोडे ती आवडीने चघळतात हे मी पाहिलं आहे. तांबं मात्र मऊ असतं, झिजून त्याला धार येते, तेव्हा बोट फिरवून पाहत राहावं. रबर ऐकायला मऊ, पण कोरड्या तोंडात ते घासतं, आणि घोड्याने चावून त्याचे लचके काढले की आतली खरखर जिभेवर येते. रायपूरच्या मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो. उन्हात खुंटीवर टांगलेलं बिट तव्यासारखं तापतं. धातू कोणता या चर्चेआधी ते सावलीत ठेवा आणि घालण्यापूर्वी बादलीत बुडवा. डिसेंबरच्या पहाटे उलटं, दोन मिनिटं मुठीत धरून ऊब द्या.

रुंदीत मात्र तडजोड नाही. आपल्याकडे बहुतेक जण बिट अंदाजाने आणतात. एक स्वच्छ सुती दोरी घ्या, एका टोकाला गाठ मारा, गाठ एका ओठाच्या कोपऱ्याशी धरून दोरी बिटाच्या जागेतून काढा आणि दुसऱ्या कोपऱ्याशी खूण करा. त्यात दोन्ही बाजूंना मिळून एक सेंटिमीटरच्या आत-बाहेर वाढवा. माझ्या घोडीला पावणेपाच इंच लागलं. दुकानातून आलं होतं साडेपाच. एवढं रुंद बिट इकडून तिकडे सरकतं, सांधा मधोमध राहत नाही, खाली लोंबतो, आणि घोडा त्यावरून जीभ काढायला शिकतो. एकदा शिकला की ती सवय जाता जात नाही. उंचीसाठी ‘ओठाला दोन सुरकुत्या’ हा जुना नियम आहे. काही घोड्यांचे ओठ मांसल, त्यांना एका सुरकुतीतच ताण बसतो. बिट कोपऱ्याला टेकलेलं असावं आणि हाताने वाद्या सैल सोडल्यावर घोड्याने ते आरामात तोंडात धरावं. हे पाहायला सुरकुत्या मोजण्यापेक्षा दहा मिनिटं शेजारी उभं राहावं लागतं. नाकपट्टी आवळून उघडणारं तोंड मिटवणं म्हणजे तक्रार करणाऱ्याचं तोंड दाबणं. नाकाच्या हाडावर, गालावर नव्हे, दोन बोटं सहज जातील एवढी ती सैल हवी. २०२५ पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांत हे मोजायला ठरावीक मापपट्टी वापरतात.

मग बिटच का? हा प्रश्न आता हट्टी लोकांपुरता राहिलेला नाही. अमेरिकेतले पशुवैद्य रॉबर्ट कुक यांनी घोड्यांच्या कवट्या तपासून, बिटाच्या जागी जबड्याच्या हाडावर वाढलेले काटे दाखवले आणि बिटाशिवायच्या म्होरकीचा पुरस्कार केला. त्यांचं प्रत्येक म्हणणं सगळ्यांना मान्य नाही, पण हाड दुखावतं हे नाकारता येत नाही. माझं मत असं: तरुण घोड्याला थांबणं, चालणं, वळणं हे जमिनीवर उभं राहून, नाकपट्टीच्या साध्या म्होरकीवर आधी शिकवावं. दाढांची गडबड सुरू असेल त्या आठवड्यांत पुन्हा तिच्यावरच यावं. मात्र बिट काढलं म्हणजे दुखणं गेलं असं नाही. नाकाचं हाड खाली निमुळतं आणि नाजूक होत जातं, आणि लांब दांड्यांची हॅकमोर, म्हणजे तीही बिटाशिवायचीच म्होरकी, त्यावर तरफेनेच दाब आणते.

पुण्या-मुंबईच्या रेसकोर्सवरून निवृत्त झालेला चार-पाच वर्षांचा थरोब्रेड घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्याला शिकवण मिळाली आहे ती बिटावर टेकून पळण्याची. तुम्ही थांबवायला ओढलं तर तो अंग टाकून पुढे जाईल, आणि त्यात त्याचा दोष नाही. त्याला कडक बिट घालणं हा सगळ्यांत सोपा आणि सगळ्यांत वाईट उपाय. दाब दिल्यावर घोडा अर्धं पाऊल जरी सावरला, तरी त्याच क्षणी बोटं सैल करायची. घोडा शिकतो तो त्या सैल होण्यातून. हात उशिरा सुटला तर चांगल्यातलं चांगलं बिटही त्याला काही सांगत नाही. म्हणून शिकाऊ स्वाराला शिकाऊ घोड्यावर बसवू नये. बसवायचंच असेल तर गळ्यात एक पट्टा बांधावा आणि तोल गेल्यावर वादीऐवजी तो धरायला सांगावं.

माझ्या घोडीला टरफल निघाल्यानंतर मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. वाद्या न लावता नुसतं बिट, त्यावर गूळ चोळून, संध्याकाळी पंधरा मिनिटं. दात उघडण्यासाठी लोखंड आपटायचं नाही. ओठाच्या कोपऱ्यातून अंगठा मोकळ्या जागेत घालायचा, तोंड आपोआप उघडतं. काढताना ती स्वतः सोडेपर्यंत थांबायचं. दहाव्या दिवशी तिने स्वतःच मान खाली घालून बिट घेतलं. आता ती चार वर्षांची आहे, पुढचे मधले दात बदलून झालेत. येत्या मार्गशीर्षात, दत्तजयंतीच्या सुमारास, तिला साडेचार पूर्ण होतील आणि पुढची शेवटची जोडी हलू लागेल. पशुवैद्यांची वेळ आत्ताच घेऊन ठेवली आहे, आणि त्या महिन्यासाठी नाकपट्टीची म्होरकी तेल लावून खुंटीला टांगली आहे.